दुर्बीण थंड का हवी?

अवकाश दुर्बीण म्हटली की आपल्याला आधी आठवतो तो तिचा मोठा आरसा. पण दीर्घिका, म्हणजे गॅलेक्सी, कशा घडत गेल्या हे बघायचं असेल, तर डिझाइनमधला खरा शत्रू आहे उष्णता. कसं, ते स्वतः आकडे मांडून बघू.

कोणता प्रकाश पकडायचा? पुण्याच्या एनसीआरएमधील राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांतून ‘अलकनंदा’ ही सर्पिल दीर्घिका शोधली. २०२५ साली हा शोध प्रसिद्ध झाला. तिचा प्रकाश सुमारे १२ अब्ज वर्षं प्रवास करून आला. विश्व प्रसरण पावत असल्यामुळे वाटेत त्याची तरंगलांबी पाचपट झाली. हायड्रोजनची ०.६५६ मायक्रॉनची लाल रेषा इथे पोचते ती ३.३ मायक्रॉनला. म्हणजे इन्फ्रारेड!

अडचण काय? वीनचा नियम आठवा: २८९८ ला केल्विनमधल्या तापमानाने भागा. सावनेरच्या मे महिन्यातली ४५ अंशांची भिंत म्हणजे ३१८ केल्विन, उत्तर ९.१ मायक्रॉन. म्हणजे भिंत, आपण, दुर्बीण, सगळेच इन्फ्रारेडमध्ये चमकतो. गरम दुर्बिणीने अंधुक दीर्घिका बघणं म्हणजे पेटत्या टॉर्चच्या आत बसून काजवा शोधणं. आता ४० केल्विन घ्या: ७२ मायक्रॉन. वेब बघते ०.६ ते २८ मायक्रॉन. सुटला प्रश्न.

मग थंड कशी करायची? २५ डिसेंबर २०२१ ला निघालेली वेब पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर आहे. तिथून सूर्य, पृथ्वी, चंद्र एकाच बाजूला राहतात, म्हणून एकच छत्री पुरते. ही छत्री टेनिस कोर्टाएवढी, पाच पातळ थरांची. एकच जाड पडदा का नाही? कारण जाड पडद्यातून उष्णता वहनाने आरपार जाईल. थरांमध्ये निर्वात पोकळी असली की वहन थांबतं, आणि उरलेली उष्णता फटींतून बाजूला अवकाशात निघून जाते. हे सगळं आपल्या हीट ट्रान्सफरच्या सिलॅबसमधलंच आहे!

आरसा मोठा का? तरंगलांबी पाचपट झाली की तेवढ्याच स्पष्टतेसाठी आरसाही पाचपट लागतो. म्हणून ६.५ मीटर, आणि रॉकेटमध्ये मावावा म्हणून १८ तुकड्यांचा, घडीचा.

विश्व जेमतेम दीड अब्ज वर्षांचं असताना अलकनंदेचे सर्पिल हात तयार होते. इतक्या लवकर ते कसे तयार झाले, याचं उत्तर अजून शोधायचंय. वेबची बरीच निरीक्षणं सर्वांसाठी खुली आहेत. फायनल इयरचा प्रोजेक्ट निवडताना एवढं लक्षात ठेवा.