निष्पाव : निषेध की संस्कार?

भातकापणीनंतर जमिनीतील ओलाव्यावर कर्जत-खालापुरात वाल पिकतो. 'वाल वर्ज्य' हे पथ्य येथील रुग्णास कठीण जाते. निष्पाव गुरु, विदाही व वातकर, हे आम्हांस मान्यच आहे. परंतु चरकाचार्यांनी आहारविचारात 'करण' व 'राशि' हेही सांगितले आहेत. वाल रात्रभर भिजवून पाणी टाकावे, फडक्यात बांधून मोड आणावेत व कोमट पाण्यात सोलावेत. तेलात हिंग-ओव्याची फोडणी करून (पोपटीतही ओवा असतोच) डाळिंब्या व वांग्याच्या फोडी घालाव्यात; झाकणावर पाणी ठेवून मंदाग्नीवर पूर्ण शिजवाव्यात. शेवटी आमसूल, किंचित गूळ. सोबत जुन्या तांदळाचा भात. दीप्ताग्नीस दुपारी वाटीभर, मंदाग्नीस दोन चमचे. रक्तपित्ताच्या रुग्णास मात्र आम्ही वाल देत नाही.