शॉक उघडण्याआधी हवा कुठे दडली आहे ते बघा

जबलपुरात पान्यावर हात बसलेल्या माणसांची वाण नाही. १९०४ साली इथे तोफगाड्यांचा कारखाना निघाला, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरियाचा दारूगोळा कारखाना आला आणि १९६९ पासून वाहन कारखाना लष्करासाठी ट्रक बनवू लागला. त्यामुळे गल्लीगल्लीत एखादा निवृत्त फिटर किंवा टर्नर भेटतोच, आणि त्यांत आमची मराठी घरंही आली. पंखा असो, पाण्याचा पंप असो, स्कूटर असो, आधी घरी उघडून बघायचं आणि मग बाहेर द्यायचं, ही इथली रीतच आहे. माउंटन बाइकचा मागचा शॉक मी घरीच साफ करतो तो याच सवयीने, आणि इतरांनीही करावा असं माझं प्रामाणिक मत आहे. पण या कामात एक जागा अशी आहे की तिथे कसलेल्या हातालाच जास्त धोका असतो. घट्ट बसलेली चूडी दिसली की असा हात आणखी लांब पाना शोधतो.

आमच्या शेजारच्या मुलाचा शॉक एकदा खाली बसला होता. मदनमहालच्या टेकडीवरून तो सायकल घेऊन उतरला तेव्हा मागची बाजू खाली दबलेली, बसलं तरी तशीच आणि उतरलं तरी तशीच. त्याने घरी शॉक काढला, व्हॉल्व्ह दाबला, थोडी हवा फुसकन निघाली आणि मग काहीच नाही. हवा संपली असं समजून तो खरादवाल्याकडे गेला. योगायोगाने मीही तिथेच होतो. उस्तादांनी शॉक वाइसमध्ये धरला आणि त्याच्या हवेच्या डब्याभोवती साखळीचा पाना आवळायला घेतला. “जंग पकड़ लिया है, अभी खुल जाएगा,” ते म्हणाले. मी त्यांना म्हटलं, एक मिनिट थांबा, आधी माप घेऊ. शॉकच्या अंगावर २१० × ५० असं छापलेलं होतं. म्हणजे एका डोळ्याच्या (ज्यात बोल्ट बसतो त्या भोकाच्या) मध्यापासून दुसऱ्या डोळ्याच्या मध्यापर्यंत २१० मिलिमीटर, आणि दाबला जाण्याचा पल्ला ५० मिलिमीटर. कॅलिपर लावल्यावर लांबी १७५ च्या आसपास भरली. व्हॉल्व्ह रिकामा आणि शॉक मात्र आखडलेला. याचा अर्थ एकच निघतो: आत कुठेतरी हवा आहे, ती शॉकला आत ओढून धरते आहे आणि तिला बाहेर पडायला वाट नाही.

एअर शॉकमध्ये हवेच्या दोन खोल्या असतात. पंपाने आपण भरतो ती मोठी खोली शॉकला बाहेर ढकलते. पिस्टनच्या दुसऱ्या बाजूला एक छोटी खोली असते, ती उलट दिशेला जोर लावते, म्हणजे शॉक सुरुवातीला अडून न बसता हलक्या खड्ड्यालाही हलतो. पल्ल्याच्या सुरुवातीलाच डब्याच्या आतल्या भिंतीवर एक बारीक खाच असते. पिस्टनचं सील त्या खाचेवरून जाताना दोन्ही खोल्यांतला दाब क्षणभर सारखा होतो. एरवी ते सील दोन्ही खोल्या एकमेकींपासून तोडून ठेवतं. सील झिजलं, फाटलं किंवा जागेवरून सरकलं की मोठ्या खोलीतली हवा थोडी थोडी छोट्या खोलीत शिरते. मग व्हॉल्व्ह दाबून मोठी खोली रिकामी केली तरी छोटी भरलेलीच राहते, आणि शॉक आत ओढला जातो. सील चांगलं असूनही हे होऊ शकतं. व्हॉल्व्ह एकदम दाबून हवा भसकन सोडली तर दाब सारखा व्हायच्या आत पिस्टन खाच ओलांडून पुढे जातो.

ही ताकद किती असते त्याचा हिशेब उस्तादांनी तिथल्या तिथे खडूने जमिनीवर मांडला. पिस्टनचा व्यास ४० मिलिमीटर धरला तर क्षेत्रफळ साडेबारा चौरस सेंटिमीटर. दाब २०० पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १४ किलो. गुणाकार पावणेदोनशे किलोच्या घरात जातो. कारच्या टायरमध्ये ३०-३५ पीएसआय असतात. चूडीचा शेवटचा आटा सुटला असता तर एवढ्या जोराने डबा कुणाच्या तोंडावर गेला असता, ते सांगायची गरज पडली नाही. त्यांनी वाइस सैल केला. तो शॉक नंतर कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेला. दोन खोल्यांमधलं सील एका बाजूने कापलं गेलेलं निघालं.

म्हणून माझ्या टेबलावर पान्याच्या आधी मोजपट्टी असते. घरी शॉक काढणाऱ्याने सुरुवात अशीच करावी. सायकल धुऊन घ्या, शॉकमधला आत्ताचा दाब लिहून ठेवा, रिबाउंडची, म्हणजे शॉक परत उसळण्याचा वेग ठरवणारी खुंटी किती टिकटिकांवर आहे तेही लिहा. मग शॉक फ्रेमवरच असताना व्हॉल्व्ह अगदी हळू, थांबत थांबत दाबा आणि सीटवर हलका भार देत शॉक थोडा खालीवर करत राहा, म्हणजे दोन्ही खोल्यांतली हवा बरोबरच उतरते. हवा पूर्ण गेल्यावरच बोल्ट काढा. शॉक हातात आला की डोळ्यापासून डोळ्यापर्यंत लांबी मोजा. छापलेल्या लांबीएवढी भरली तर पुढे जा. स्पष्ट कमी भरली तर काम तिथेच थांबवा, मग डबा हाताने फिरत असला तरी.

लांबी बरोबर असेल तर उरलेलं काम सोपं आहे आणि आनंदाचंही. डोळे झाकणारा चष्मा घाला. डब्यावर जाड कापड गुंडाळा, त्याचं तोंड भिंतीकडे ठेवा आणि रबरी पट्ट्याच्या पान्याने डबा फिरवा. दातांचा पाना किंवा साखळी लावली तर ॲल्युमिनियमवर कायमचे चरे पडतात. काही शॉकवर डब्याला अडवणारी एक तारेची कडी असते, ती आधी काढावी लागते. आतलं काळपट ग्रीस आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लव न सुटणाऱ्या कापडाने पुसा. रॉकेल किंवा पेट्रोल जवळपासही आणू नका. आपल्याकडे प्रत्येक सुटा भाग रॉकेलच्या थाळीत टाकायची सवय आहे, पण त्याने सीलचं रबर फुगतं आणि नवं सीलही बसत नाही.

जुनी सीलं काढताना सुई वापरू नका, प्लास्टिकची किंवा बांबूची अणी घ्या. ज्या खाचेत सील बसतं तिला ओरखडा गेला तर नवं सीलही हवा सोडतं. प्रत्येक सील ज्या क्रमाने निघेल त्या क्रमाने पांढऱ्या कापडावर ओळीने मांडा आणि फोटो काढून ठेवा. गोल कडी, चौकोनी कडी, तिच्या शेजारची पातळ पांढरी आधाराची कडी, सगळ्यांची जागा ठरलेली असते. सीलचा संच आपल्या शॉकच्या मॉडेलचा आणि वर्षाचाच मागवा. बाजारात मापाने मिळणारी ओ-रिंग दिसायला तीच वाटते, पण तिचं रबर आणि जाडी वेगळी असते. ग्रीसही सस्पेन्शनचं घ्या, बेअरिंगचं घट्ट लिथियम ग्रीस इथे चालत नाही. डब्यात तेलाचे चार थेंब घालायचे की नाही, कोणतं आणि किती, हे मॉडेलप्रमाणे बदलतं, ते कंपनीच्या कागदात बघा.

शॉकमध्ये हवेच्या डब्याशिवाय आणखी एक बंद जागा असते. १९५३ साली फ्रान्सच्या बुर्सिए द कार्बों यांनी एका नळीचा, वायूच्या दाबावर चालणारा शॉक बाजारात आणला. तेल आणि वायू यांच्यामध्ये एक तरंगता पिस्टन आणि पलीकडे दाबलेला नायट्रोजन, ही रचना आज मोटारींपासून आपल्या सायकलीपर्यंत चालते. तेलाला फेस येऊ नये म्हणून तो दाब ठेवलेला असतो, कित्येकदा काहीशे पीएसआय. ही जागा घरी उघडायची नाही. इथे माझं मत ठाम आहे, आणि कितीही चांगला हात असला तरी ते बदलत नाही. नायट्रोजन भरायचं यंत्र नसेल तर उघडून उपयोगही नाही. शॉक दाबताना चुळचुळ आवाज येतो, सुटताना रिबाउंड न जुमानता उसळतो किंवा दांड्यावर तेलाची ओली रेघ दिसते, तेव्हा बिघाड या जागेत असतो आणि शॉक सर्व्हिस सेंटरलाच जातो.

साध्या सायकलीच्या दुकानात ज्याला डबल शॉकर म्हणतात, त्याच्या मागे बहुतेक नुसती स्प्रिंग असते. तिला हवेची खोली नाही, तेल नाही. तिच्यासाठी यातलं काहीच लागू होत नाही, डोळ्यांचे बुश आणि बोल्ट तेवढे बघावेत.

जोडणी झाल्यावर पंप लावा आणि ५०-५० पीएसआयने चढा. दर टप्प्यावर शॉक पाव पल्ल्यापर्यंत दहा वेळा सावकाश दाबा, म्हणजे छोटी खोलीही भरते. हे न करता एकदम २०० भरले तर शॉक पहिल्यांदा दगडासारखा लागतो आणि मग काट्यावरचा आकडा खाली येतो. पंप काढताना फुस आवाज येतो तो पंपाच्या नळीतल्या हवेचा असतो. पुन्हा लावल्यावर काटा कमी दाखवतो, कारण नळी भरायला शॉकमधलीच हवा जाते. गळती समजून बरेच जण प्रत्येक वेळी थोडी हवा वाढवत नेतात. गळतीची शंका असेल तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. बोल्ट फ्रेमच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कने घट्ट करा, आणि नेहमीच्या बॅगेसकट बसून शॉकचा पल्ला पंचवीस ते तीस टक्के दबतो का (यालाच सॅग म्हणतात) ते दांड्यावरच्या रबरी कडीवरून पडताळा.

हे किती दिवसांनी करायचं? रॉकशॉक्स हवेच्या डब्यासाठी ५० तासांच्या चालवण्याचा हिशेब देते, फॉक्स पूर्ण सर्व्हिससाठी १२५ तास किंवा वर्ष सांगते. आपल्याकडे मी हवामानावर जातो. मदनमहालची टेकडी ग्रॅनाइटची, तिचा झिजलेला चुरा क्वार्ट्झने भरलेला, आणि क्वार्ट्झ काच सहज कापतो. उन्हाळ्यात ती बारीक रेती धुळीतून सीलच्या ओठावर बसते. पावसाळ्यात भेडाघाट-बरगीकडचा चिखल तीच जागा घेतो. म्हणून पावसाळा संपल्यावर एकदा डबा उघडतोच, मग तास कितीही झालेले असोत. धुताना पाण्याचा जोराचा फवारा शॉकवर कधीच मारू नये, तो रेती सीलच्या आत ढकलतो.

मे महिन्यात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. सकाळी २० अंशांत १८० पीएसआय भरलेला शॉक दुपारी ४५ अंशांत १९५ च्या पुढे जातो. गाडीच्या डिकीत बंद ठेवलेला त्याहून वर. सकाळी जमवलेला सॅग दुपारी कमी दिसला तर हवा सोडू नका, सायकल सावलीत आणून थांबा.

आणि आखडलेला शॉक सेंटरला पाठवायचाच असेल, तर आधी फोन करून तो आखडला आहे हे स्पष्ट सांगा, ते म्हणतील तसा जमिनीमार्गे पाठवा, खोक्यात दोन्ही बाजूंना भरपूर फोम भरा आणि आत-बाहेर दोन्हीकडे ठळक अक्षरांत लिहा की आत दाब आहे, डबा उघडू नये. सोबत शॉकचा अनुक्रमांक, आपलं वजन आणि नेहमीचा दाब लिहिलेली चिठ्ठी ठेवा. परत आल्यावर त्यात वाहतुकीपुरतीच हवा असते, तेव्हा पंप लावून टप्प्याटप्प्याने भरायचं काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.