बोरिवलीच्या जंगलात सायकल

प्रश्न : वय ५२. वीस वर्षांनी सायकल हाती घेतेय, सोबत अकरा वर्षांचा मुलगा. मुंबईजवळ झाडीतला, नदीकाठचा सोपा रस्ता आहे का?

उत्तर : लांब कशाला जाता, बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान गाठा. सोमवारी ते बंद असतं. सायकल नसेल तर आत भाड्याने मिळते. घेण्याआधी दोन्ही ब्रेक दाबून बघा आणि सीट उंचीप्रमाणे लावून घ्या. सीट फार खाली ठेवली तर गुडघे दुखू शकतात!

रस्ता डांबरी आहे. सुरुवातीला दहिसर नदीची सोबत मिळते. तुळशी तलावाकडून येणारी ही नदी उन्हाळ्यात नुसते दगड दाखवते, पावसाळ्यात मात्र खळाळते. कान्हेरी लेणी सहा-सात किलोमीटरवर आहेत, पण शेवटचा चढ दमवतो. तिथे खुशाल उतरून सायकल ढकला, मीही ढकलतो. खरी काळजी उतारावर घ्यायची. नुसता पुढचा ब्रेक करकचून दाबू नका; दोन्ही हलके, थांबून थांबून दाबा. मुलाला पुढे ठेवा, म्हणजे नजरेत राहील. खाऊ हँडलला लटकवू नका, माकडं सोडणार नाहीत. बिबट्यांचं घर आहे, तेव्हा उन्हं कलायच्या आत परत फिरा.