गरोदरपणातील ब्रा : लाजेचा नव्हे, आरोग्याचा विषय



रविवारी वंदना झाल्यावर आम्ही विहारात गरोदर ताईंची बैठक घेतो. लोहाच्या गोळ्या, आहार, सोनोग्राफी यांवर सगळ्या मोकळेपणाने बोलतात. ब्रा हा शब्द निघाला की मात्र माना खाली जातात. मग बैठक संपल्यावर दाराशी चपला घालता घालता एखादी ताई हळूच विचारते, "मॅडम, छाती लई ठणकते, जुनी बसतच नाही, काय करू?" हा प्रश्न इतक्या जणींनी इतक्या वेळा दाराशी विचारला आहे, की या वेळी तो पानावरच घ्यायचे आम्ही ठरवले.

तुर्भे स्टोअरमधील एक ताई बाजारात कांदा निवडण्याचे काम करीत. सातव्या महिन्यात भेटल्या तेव्हा दोन्ही खांद्यांवर काळे-निळे वळ आणि छातीखालची कातडी घामाने सोलवटलेली. अंगात जावेची जुनी ब्रा, तीही लहान. "चार महिन्यांसाठी कशाला खर्च करायचा?" असे त्या म्हणाल्या. बाळाची झबली-टोपडी मात्र घेऊन ठेवली होती. बाळासाठी खर्च, आईसाठी काटकसर. आपल्या घराघरांत हेच चालते.

शरीरात काय बदलते?

दिवस गेल्यावर दुसऱ्या महिन्यापासूनच छाती जड होते, दुखते. दूध तयार करणाऱ्या ग्रंथी आणि नलिका वाढू लागतात, रक्तपुरवठा वाढतो, निळ्या शिरा दिसू लागतात. पुढे गर्भाशय वर सरकते तशा बरगड्याही थोड्या फाकतात. म्हणजे छाती भरते आणि छातीखालचा घेरही वाढतो. म्हणून जुन्या ब्राचे नुसते पट्टे सैल करून भागत नाही.

बाळंतपणानंतर दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास दूध उतरते, तेव्हा छाती आणखी मोठी आणि कडक होते. अशा वेळी घट्ट ब्रा घातली तर दाबाखाली दूध साकळते, गाठ धरते. त्यातून सूज आणि ताप येऊ शकतो.

केव्हा घ्यावी?

याला ठरलेला महिना नाही. शरीर सांगते तेव्हा घ्यावी. ब्रा काढल्यावर लाल वळ दिसत असतील, कपमधून छाती वर किंवा काखेकडे बाहेर येत असेल, हुक शेवटच्या कडीलाही कष्टाने लागत असेल, तर वेळ झाली. बऱ्याच जणींना ही वेळ तिसऱ्या-चौथ्या महिन्यात येते.

एकदम चार-पाच घेऊन ठेवू नका, कारण माप पुन्हा बदलते. दोन टप्प्यांत घ्या. पहिल्या टप्प्यात दोन ब्रा : एक अंगात, एक वाळत. दुसरा टप्पा आठवा महिना संपताना. तेव्हा दूध पाजायला सोयीची, कपमध्ये थोडी जागा राहील अशी घ्या.

घेर तेवढाच वाढला असेल आणि कप ठीक बसत असेल, तर हुकाला जोडायची जादा पट्टी मिळते. तिने काही आठवडे निभावते.

माप कसे घ्यावे?

ब्लाउज शिवणाऱ्या ताईकडची टेप पुरेशी आहे. टेप नसेल तर दोरा गुंडाळून तो मुलांच्या कंपासपेटीतल्या पट्टीवर मोजा.

१. छातीच्या अगदी खाली, श्वास सोडून, टेप सरळ ठेवून घेर मोजा. आकडा विषम आला तर पुढचा सम धरा. उदाहरणार्थ, ३३ इंच आले तर ३४.

२. छातीच्या सर्वांत भरलेल्या भागावरून सैलसर मोजा. समजा ३७ आले.

३. दोन्हींतला फरक काढा. १ इंच म्हणजे ए कप, २ म्हणजे बी, ३ म्हणजे सी, ४ म्हणजे डी. इथे ३७ वजा ३४ म्हणजे ३. तर माप झाले ३४ सी.

कंपनी बदलली की माप थोडे इकडे-तिकडे होते. म्हणून शक्य तिथे घालून बघा. दुकानात घालून बघू देत नसतील, तर बदलून मिळेल का ते आधी विचारा. दुकानदार पुरुष असला तरी माप सांगताना आवाज खाली करण्याचे कारण नाही. आपण पैसे देऊन वस्तू घेत आहोत.

बघून काय घ्यावे?

कापड सुती असावे. नवी मुंबईच्या दमट हवेत नायलॉनखाली घाम साठतो आणि खाज सुटते. खांद्याचे पट्टे रुंद असावेत. खालचा पट्टाही रुंद असावा. त्याखाली दोन बोटे सहज जावीत, पण हात वर केल्यावर तो वर सरकू नये. हुकाच्या कड्या तीन-चार ओळींत असाव्यात. तार असलेली ब्रा या दिवसांत टाळावी, ती टोचते आणि दुधाच्या नलिकांवर दाब देते.

आता एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. पोट वाढत असताना घेतलेली ब्रा सर्वांत आतल्या, म्हणजे घट्ट कडीवर नीट बसली पाहिजे, म्हणजे पुढे सैल करायला जागा राहते. आठव्या महिना-अखेरीस घेतलेली मात्र सर्वांत बाहेरच्या, सैल कडीवर बसावी, कारण बाळंतपणानंतर बरगड्यांचा घेर पुन्हा कमी होतो.

नवजात बाळ दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा दूध पिते. एका हातात बाळ असते. म्हणून कप एका हाताने उघडेल अशी ब्रा घ्या. पाजण्यासाठीची खास ब्रा परवडत नसेल, तर पुढे हुक असलेली साधी सुती ब्राही चालते. रात्री ब्रा घातलीच पाहिजे असे नाही. बरे वाटत असेल तर सैलशी घाला, नाहीतर काढून झोपा.

उन्हात वाळवा

वस्तीत आम्ही बघतो, ब्रा साडीच्या खाली, परकराच्या आड, नाहीतर मोरीतल्या खिळ्यावर वाळत असते. पावसाळ्यात ती दोन-दोन दिवस ओलसर राहते आणि तशीच अंगात जाते. ओलाव्यात बुरशी वाढते. छातीखाली लाल चट्टे आणि खाज यांचे मोठे कारण हेच आहे. रोज धुवा, दोरीवर उघडी वाळवा, ऊन लागू द्या. नवऱ्याची बनियन उन्हात वाळते, मग आपलीच वस्तू का लपवायची?

गरोदरपणात थोडा पिवळसर चीक झिरपू शकतो. घाबरू नका. धुतलेल्या मऊ सुती कापडाची घडी आत ठेवा आणि ओली झाली की बदला. बाळंतपणानंतरचा चीक फेकू नका, बाळाला लगेच पाजा.

गैरसमज सोडा

काळी ब्रा घातली की कर्करोग होतो, हे खरे नाही. रंगाचा आणि कर्करोगाचा संबंध नाही. छाती लहान असली की दूध कमी येते, हेही खरे नाही. छाती कापडाने घट्ट बांधली की दूध चांगले उतरते, हे तर उलट घातक आहे.

दवाखाना केव्हा?

छातीत न जाणारी गाठ, लाली आणि थंडीताप, बोंडातून रक्त, कातडीला खळगा किंवा बोंड नव्याने आत ओढले जाणे, यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपाय करीत बसू नका. बोंडे पहिल्यापासूनच आत असतील तर तपासणीच्या वेळी सिस्टरला सांगा. महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात आणि वाशी, नेरूळ, ऐरोलीच्या रुग्णालयांत दाखवता येते. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी ठिकाणी गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. नाव नोंदवले नसेल तर आशाताईंना भेटा. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेतून ५००० रुपये हप्त्यांनी मिळतात. त्यातले थोडे आईच्या अंगावरही खर्च व्हावेत.

शेवटी

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या आज्या-पणज्यांना कपड्यांविषयी सांगितले होते : लुगडे असे नेसा, की अस्पृश्यतेची खूण अंगावर राहणार नाही. अंगावरचे कापड ही स्वाभिमानाची गोष्ट आहे, हे तेव्हा त्या बायांना कळले आणि त्यांनी लुगडे नेसण्याची पद्धत बदलली. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी मांडले, की आईच्या विश्रांतीचा भार सरकारनेही उचलला पाहिजे. आज कायद्याप्रमाणे कामावर परतलेल्या आईला बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोन वेळा पाजण्यासाठी सुट्टी मिळते. एमआयडीसीत कामाला असलेल्या ताईंनी ती मागून घ्यावी.

घरातल्या पुरुषांनाही आमची विनंती आहे. हे पान वाचून बाजूला ठेवू नका. पत्नीला, सुनेला, लेकीला विचारा, "तुझी ब्रा नीट बसते का? उद्या दुकानात जाऊ या का?" विचारायला जड जाईल, पण एकदा विचारले की पुढच्या वेळी जाणार नाही. आणि सासूबाईंनो, दोरीवरची ब्रा कोणी साडीखाली सरकवली, तर ती तुम्हीच पुन्हा उन्हात काढा.

जयभीम! नमो बुद्धाय!