एमपी३ ध्वनिफितीची अंतर्रचना

सीडीवरील ध्वनी सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला असतो. प्रत्येक मोजमापास १६ बिट व दोन वाहिन्या धरल्यास सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. एमपी३मध्ये आपण तेच काम अनेकदा १,२८,००० बिटांत भागवतो; कारण मोठ्या आवाजाखाली दबून कानास न जाणवणारा अंश वगळला जातो. उरलेला ध्वनी ११५२ नमुन्यांच्या चौकटींत बांधतात. प्रत्येक चौकटीच्या आरंभी ३२ बिटांचे शीर्षक असते. त्यामुळे फाईल मध्येच खराब झाली तरी पुढील चौकटींपासून ती पुन्हा वाजू शकते. वगळलेला अंश मात्र कधीच परत मिळत नाही. म्हणून आजीच्या जात्यावरील ओव्या ध्वनिमुद्रित करताना मूळ प्रत आपण असंक्षेपितच जपावी. एमपी३ केवळ वाटपासाठी करावी.