रात्री झोपत जा

आर्वी, मंगळवार

चि. बाळास,


परवा कापूस घेऊन बाजार समितीत गेलो होतो. तिथे तुझ्या रूम पार्टनरचे वडील भेटले. म्हणाले, तुमचा भाचा रात्री तीन-तीनपर्यंत मोबाईल बघत पडलेला असतो, मेसचा डबा कित्येकदा न उघडताच परत जातो. तेव्हापासून जिवाला घोर लागला आहे. ताईला सांगितलेलं नाही, तिचं बीपी तुला माहीत आहे.

रील बघतोस म्हणून रागावलो नाही, झोपत नाहीस म्हणून रागावलोय. एक संपायच्या आत दुसरं सुरू. तू कशावर जरा रेंगाळलास ते टिपून ॲप तसलंच पुढे आणतं. टेस्ट बिघडली त्या रात्री दुसऱ्यांचे रँकच दिसत राहणार. नीटचा अभ्यास असा होतो का रे? झोप मोडून वाचलेलं डोक्यात राहत नाही.

यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावानं २०२२ मध्ये अठराच्या आतल्या मुलांना मोबाईलबंदी केली. मला ते पटलं नाही. सांगलीकडच्या मोहित्यांच्या वडगावचं पटलं. तिथे त्याच वर्षी संध्याकाळी सातला भोंगा वाजायला लागला; तो वाजला, की दीड तास थोरामोठ्यांचेही टीव्ही-मोबाईल बंद. एकट्या पोराला बंद कर म्हटलं, की ती शिक्षाच होते. म्हणून आजपासून साडेदहाला मी नेट बंद करणार, तूही कर. आणि झोप.

बारावीला माझे मार्क गेले तेव्हा मी कोणाशी बोललो नाही. पवनारला धामच्या काठी एकटाच बसून राहायचो. तुझ्या आजोबांना एकदा तरी सांगायला हवं होतं. ते रागावले नसते, हे फार उशिरा उमगलं. तू तसा गप्प राहू नकोस.

माझ्याशी बोलवत नसेल तर १४४१६ लाव, टेलिमानस. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्रीही. सेवाग्रामच्या कस्तुरबा दवाखान्यात मनाचे डॉक्टर आहेत. तुझ्या रूमपासून किती लांब आहे ते? म्हणशील तर मी येतो, बाहेर बाकावर बसतो.

नंबर लागला नाही तरी तू आमचाच आहेस, बाप्पा. शनिवारी घरी ये, मामी भाकरी आणि झुणका करणार आहे. त्याआधी जड वाटलं तर फोन कर. नेट बंद असलं तरी रिंग चालू ठेवतो. कितीही वाजले असोत, मी उचलीन.

तुझा,
मामा