देऊळ उघडताना : बेटांनी शिकविलेले चार धडे

मार्च २०२० मध्ये बंद झालेली राज्यातील मंदिरे १६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळीच्या पाडव्याला उघडली. त्यानंतर काही दिवसांनी मी बीड तालुक्यातील लिंबागणेश येथे भालचंद्राच्या दर्शनाला गेलो होतो. गणपतीच्या एकवीस क्षेत्रांत गणले जाणारे हे गाव चतुर्थीला गजबजलेले असते. बाहेर नारळ विकणारे एक गृहस्थ मला म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आठ महिने नारळ घरातच होते. पाणी आटून त्यांचं खोबरं झालं. आता पुन्हा बंद करू नका म्हणावं." मी हसून वेळ मारून नेली. परंतु एप्रिल २०२१ मध्ये मंदिरे पुन्हा बंद झाली आणि ती उघडायला ७ ऑक्टोबर २०२१ ची घटस्थापना उजाडावी लागली. त्या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर मी तेव्हा द्यायला हवे होते. ते आज देत आहे.

वाचकहो, साथीच्या काळात 'उघडावे की बंद ठेवावे' असा वाद घातला जातो. खरा प्रश्न 'कसे उघडावे' हा आहे. जगात या प्रश्नाला पर्यटनावर जगणाऱ्या बेटांनाही सामोरे जावे लागले. यात्रेच्या गावाचे आणि बेटाचे दुखणे एकच. बाहेरचा माणूस आला तर रोग येतो, न आला तर चूल पेटत नाही. फरक इतकाच की बेटाला बंदर किंवा विमानतळ हेच दार असते आणि आपल्या गावाला चारी बाजूंनी वाटा असतात.

पहिला धडा : दारावरची तपासणी पुरेशी नसते

आपल्याच लक्षद्वीप बेटांचे उदाहरण पाहा. २०११ च्या जनगणनेनुसार तेथील वस्ती सुमारे ६४ हजार. तेथे जाणाऱ्याला आधी कोचीला विलगीकरणात राहावे लागे. संपूर्ण २०२० सालात तेथे कोरोनाचा एकही रुग्ण आढळला नाही. वर्षाच्या अखेरीस ही अट शिथिल झाली आणि ४८ तासांतील निगेटिव्ह अहवालावर प्रवेश मिळू लागला. १८ जानेवारी २०२१ रोजी पहिला रुग्ण सापडला आणि पुढील काही महिन्यांत रुग्णसंख्या हजारांवर गेली.

असे का होते? लागण झाल्यावर पहिले एक-दोन दिवस विषाणू इतका थोडा असतो की तपासणीत सापडत नाही. लक्षणे दिसायला सरासरी पाच-सहा दिवस, कधी चौदा दिवसही लागतात आणि लक्षणे दिसण्याच्या दोन दिवस आधीपासून रोगी दुसऱ्याला लागण देऊ शकतो. मीही त्या दिवसांत एका मंदिराच्या दारात उभा राहून भाविकांच्या कपाळावर थर्मल गन धरीत होतो आणि आपण मोठी दक्षता घेत आहोत असे मानीत होतो. ताप नसलेला रोगी त्या यंत्राला दिसत नाही, हे लक्षात घ्यायला हवे होते.

दुसरा धडा : आधी गावाचे संरक्षण

थायलंडमधील फुकेत बेट १ जुलै २०२१ रोजी परदेशी पर्यटकांना खुले झाले. त्याआधी तेथील बहुसंख्य रहिवाशांचे लसीकरण करून घेण्यात आले. येणाऱ्यालाही लस सक्तीची होती आणि मुक्कामात पुन्हा पुन्हा तपासणी होत असे. आपल्याकडे हे नवीन नाही. पंढरपूरला जाताना कॉलऱ्याची सुई टोचून घ्यावी लागे, हे जुन्या माणसांना आठवत असेल. यात्रेच्या गावात पुजारी, फूलवाले, नारळवाले, हॉटेलवाले आणि वडापवाले यांचा शेकडो लोकांशी संबंध येतो. त्यांना लस सर्वांत आधी मिळावी.

तिसरा धडा : हवा मोकळी ठेवा

आपण नारळ-फुलांवर बंदी घातली, प्रसाद थांबविला, कठडे पुसले. हात धुणे चांगलेच. जुलाब, कावीळ यांना त्याने आळा बसतो. परंतु कोरोना मुख्यतः श्वासावाटे पसरतो. जुन्या मंदिराचा गाभारा म्हणजे एक लहान दार आणि खिडकी नाही. आत दाटीने उभे राहून मोठ्याने आरती म्हटली की तोंडावाटे सूक्ष्म तुषार अधिक बाहेर पडतात आणि कोंदट हवेत बराच वेळ तरंगत राहतात. त्यापेक्षा उघड्या मंडपातून मुखदर्शन, झाडाखाली लावलेली रांग आणि मोकळ्या पटांगणातील आरती कितीतरी सुरक्षित. नारळवाल्याचा धंदा बुडविण्यापेक्षा गाभाऱ्यातील गर्दी कमी करणे अधिक गुणकारी होते.

चौथा धडा : थांबण्याची रेषा आधीच ठरवा

फुकेतमध्ये रुग्ण आणि खाटा यांचे प्रमाण ठराविक मर्यादेपलीकडे गेल्यास नियम कडक करायचे, हे आधीच ठरले होते. गर्दीचा परिणाम दोन आठवड्यांनी दवाखान्यात दिसतो. तोपर्यंत वाट पाहिली तर उशीर झालेला असतो. जवळच्या सरकारी दवाखान्यात ऑक्सिजनच्या खाटा किती, त्यांपैकी किती भरल्यावर दर्शन मर्यादित करायचे, हा आकडा मंदिराच्या फलकावर लिहावा. अचानक टाळे लागण्याऐवजी आठ दिवस आधी सूचना मिळाली, तर नारळवाला नवा माल भरणार नाही.

भाविकांनी काय करावे?

१. ताप, खोकला, घसादुखी असल्यास यात्रा पुढे ढकलावी.
२. साथ असताना चतुर्थीची गर्दी टाळून इतर दिवशी दर्शन घ्यावे.
३. बंद जागेत आणि भरलेल्या एसटीत मास्क नाकावरही असावा.
४. परतल्यावर आठवडाभर घरातील वृद्ध व आजारी माणसांपासून थोडे अंतर ठेवावे.
५. लक्षणे दिसल्यास न लपविता तपासणी करावी.

साथ पुन्हा कधी येईल हे सांगता येत नाही. पण येईल तेव्हा मंदिर समिती, ग्रामपंचायत आणि आरोग्य केंद्र यांच्याकडे असा आराखडा तयार असावा. तो शांततेच्या काळातच करता येतो. त्या बैठकीला नारळवाल्यालाही बोलवावे. गर्दी कुठे साचते हे त्याला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते.